तळ्यावरचे जावईबापू

बूच माझ्या खिशात होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी उगाच दुसऱ्यावर संशय घ्यायला नको.

सप्टेंबरातल्या शेवटच्या शनिवारची सकाळ होती. शिकागोपासून तीन तासांवर, इलिनॉय नदीकाठच्या एका तळ्यात, माझा मित्र नरेंद्र मेश्राम आणि मी पत्र्याच्या सपाट होडीतून चाललो होतो. होडीत गवताच्या आणि वाळुंजाच्या डहाळ्यांच्या चाळीस पेंढ्या होत्या. त्या नरेंद्रने तीन शनिवार खपून कापल्या, वाळवल्या आणि बांधल्या होत्या. मी एकाच शनिवारी मदतीला आलो होतो, पण तो पुरला.

अशा होडीला मागच्या बाजूला, अगदी तळाशी, अंगठ्याएवढं भोक असतं. होडी गाडीवर असताना पावसाचं पाणी त्यातून काढून टाकायचं, आणि तळ्यात उतरवायच्या आधी त्याला पितळी बूच लावायचं. हे मला ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसलं, की एक सुरेख पितळी वस्तू फळीवर बेवारशी पडली आहे आणि कोणत्याही क्षणी हरवणार आहे. आमच्या घरात वस्तू हरवू न देणं हे माझं काम. शैलजा, म्हणजे माझी बायको, म्हणते की एवढंच काम. मी ती वस्तू उचलली, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी ठेवली, खिशाची गुंडी लावली, आणि होडी ढकलायला मोठ्या उत्साहाने हात लावला.

पाणी घोट्याशी आलं तेव्हा मी म्हणालो, "नरेंद्र, दव बरंच पडलंय रे होडीत."

नरेंद्रने खाली पाहिलं. मग मागे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"बूच कुठं आहे बे?"

माझा हात खिशाकडे गेला. त्याने तो जाताना पाहिला आणि पुढे काही विचारलं नाही. होडीने फार त्रास दिला नाही. एखादी थकलेली बाई पाटावर बसते तशी ती हळूच तळाशी बसली आणि आम्ही दोघे छातीएवढ्या पाण्यात उभे राहिलो. पेंढ्या मात्र बसल्या नाहीत. गवत तरंगतं. वारा दक्षिणेचा होता, आणि उत्तरेला पिवळ्या पाट्या लावलेल्या होत्या: पक्ष्यांसाठी राखीव, कोणीही पलीकडे जाऊ नये. चाळीसच्या चाळीस पेंढ्या त्या पाट्यांखालून वरातीसारख्या आत गेल्या. थोड्या वेळाने दहाबारा बदकं येऊन त्यांच्या आडोशाला आरामात बसली.

काठावर घडीच्या खुर्चीत नरेंद्रचे सासरे वेंडेल हॅगन बसले होते. त्यांनी ओरडून विचारलं, "काय झालं?"

"विनयकाका सँक द बोट, ग्रँपा," नरेंद्रची मुलगी आन्या तळ्यातल्या खांबांवर चढून फळ्या ठोकत होती, तिथून म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "काका. सीरियसली?"

वेंडेलनी बदकांच्या आवाजाकडे मान वळवली. मग म्हणाले, "उद्या ती बाई येणार आहे. चारला मुदत संपते."

ती बाई म्हणजे तपासनीस. आणि उद्या चार म्हणजे काय, ते सांगतो.

इथले लोक 'ब्लाइंड' म्हणतात, त्याचा अर्थ तळ्यात खांब रोवून उभी केलेली आणि बाहेरून गवताने झाकलेली खोपी. माणसं आत बसून बदकांची वाट बघतात, आणि बदकांना वाटतं गवताचं बेट आहे. तळं सरकारी. कुठली जागा कोणाला, याची सोडत चार वर्षांनी एकदा निघते. सोडतीत जागा मिळाली की शिकारीच्या हंगामाच्या चार आठवडे आधी खोपी पूर्ण झाकून तयार पाहिजे. तपासनीस येते, बघते, जागा ज्यांच्या नावावर आहे त्या दोघांच्या सह्या घेते. खोपी तयार नसेल किंवा सह्या झाल्या नाहीत, तर जागा यादीतल्या पुढच्याला जाते. मग पुन्हा चार वर्षांनी नशीब बघायचं. वेंडेल चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत.

त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला आहे आणि कडा उरल्या आहेत. तुमच्याकडे बघायचं असेल तर ते तुमच्या कानाशेजारी बघतात. बंदूक त्यांनी तीन वर्षांपूर्वीच आन्याला देऊन टाकली. तरी हंगामातल्या एकूण एक शनिवारी ते खोपीत जाऊन बसतात, ओठात लाकडी शिट्टी धरून बदकांना बोलावतात, आणि नुसत्या पंखांच्या आवाजावरून येणारं बदक कुठल्या जातीचं ते सांगतात. मी एकदा शिष्टपणे विचारलं होतं, की दिसत नाही तर मग यात मजा कसली. ते म्हणाले होते, "तू रेडिओ कधी ऐकलाच नाहीस का?"

आता नरेंद्र.

नरेंद्र भंडारा जिल्ह्यातला, साकोलीजवळच्या एका गावचा. घरचा धंदा मासेमारीचा. गावात मामा तलाव आहे असं त्याने मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी पुणेरी भोळेपणाने विचारलं, "कोणाच्या मामांचा?" मालगुजारांच्या काळातले ते तलाव, माजी मालगुजारी, म्हणून मामा, हे समजावण्यात त्याने माझ्यावर पाच वाक्यं खर्च केली. त्याच्या हिशेबी ते भाषणच. सत्त्याण्णव साली आम्ही दोघे एकाच कंपनीकडून कॉम्प्युटरमधली वर्षं दोन आकड्यांची चार आकड्यांची करायला इथे आलो आणि डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत एक खोली वाटून घेतली. मी बोलायचो आणि तो भात लावायचा.

जोआन आमच्याच ऑफिसात होती. तिला नरेंद्रमध्ये काय दिसलं ते मला कळेना, कारण तो बोलत तर नव्हताच. जोआन म्हणाली, "तेच दिसलं."

तिच्या वडिलांना भेटायला तो पहिल्यांदा गेला तो असाच सप्टेंबरात, खोपी झाकायच्या दिवशी. बाकी सगळे करतात तसंच वेंडेल करत होते: तारेची जाळी लावायची आणि तिच्यात गवताचे झुपके खोचत जायचं. नरेंद्र तासभर नुसता बघत उभा राहिला. मग म्हणाला, "हे पहिल्या वादळात उडून जाईल." भावी सासऱ्याशी बोललेलं हे त्याचं पहिलं वाक्य. जोआनने डोळे मिटून घेतले. नरेंद्र खाली बसला, चार काड्या उभ्या धरल्या, चार आडव्या, वर गवताचा थर, पुन्हा आडव्या काड्या, आणि दोन तासांत दाराएवढा तट्टा विणून वेंडेलच्या पायांपाशी ठेवला. त्याच्या गावात घरांच्या भिंतींना, मासे वाळवायच्या मांडवांना असेच तट्टे लावतात. एकावर एक कौलांसारखे बसवले की वारा आत शिरत नाही. वेंडेलनी तट्टा उचलला, झटकला, वाकवून पाहिला. एक काडी पडली नाही. "बाबांनी होकार दिला तो तट्ट्याला," असं जोआन शेवटपर्यंत सांगायची.

आपल्याकडे जावई म्हणजे काय थाट असतो! अधिक महिन्यात अनारसे, ताट, ताटाखाली पाट. या जावयाला सासऱ्याने दिली ती छातीपर्यंत येणारी रबरी विजार, गुडघ्याला ठिगळ लावलेली. दोन हजार एक साली आमच्या नोकऱ्या एकाच शुक्रवारी गेल्या. मी कॉम्प्युटरलाच चिकटून राहिलो. नरेंद्रने जोआनच्या गावातल्या पाणी शुद्ध करायच्या प्लांटवर नोकरी धरली आणि आजही तिथेच आहे. मी हळहळलो होतो. तो म्हणाला होता, "लहानपणापासून पाणीच पाहून राहिलो. आता कुठं बदलू?"

आणि नाव. लग्नाच्या आधी वेंडेलनी फोन लावून द्यायला सांगितला. नरेंद्रच्या आईशी त्यांना बोलायचं होतं. मध्ये दुभाषा खुद्द नरेंद्र. वेंडेलनी विचारलं, "तुमच्या भाषेत मी याला काय म्हणायचं?" आई म्हणाली, "आता काय म्हणायचं म्हणजे? जावईबापू म्हणायचं." याचा अर्थ स्वतःच्या तोंडाने सांगायची नरेंद्रला लाज वाटली. तो एवढंच म्हणाला, "जावई बापू." वेंडेलनी ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं. त्यांची समजूत अशी झाली, की जावई हे नाव आणि बापू हे आडनाव, किंवा उलट. या लोकांचं काही सांगता येत नाही. त्या दिवसापासून आख्ख्या तळ्यावर नरेंद्र 'बापू' आहे. पेट्रोलपंपावर बापू, चर्चच्या सूपपार्टीत बापू. पहिल्या वर्षीच्या बदकांचा त्याने सावजी रस्सा केला होता, वेंडेलनी घाम पुसत दोनदा वाढून घेतला आणि शेजाऱ्यांना सांगितलं, "बापू मला मारायला बघतोय."

तीन वर्षांपूर्वी जोआन गेली. चार महिन्यांत आटोपलं सगळं. दफनाच्या दिवशी चर्चच्या जिन्यात मी नरेंद्रच्या खांद्यावर हात ठेवून, मला वाटलं हळू आवाजात, म्हणालो होतो, "माझा चुलतभाऊ केदार टेक्ससात प्लेनोला आहे. त्याच्या ओळखीने काम होईल, आपली माणसं आहेत तिकडे. इथे आता तू कोणाचा कोण, नरेंद्र?"

त्याने उत्तर दिलं नाही. मी फोनवर पुन्हा दोनदा विचारलं, आणि मग विचारायचं सोडलं.

तर चाळीस पेंढ्या राखीव पाण्यात, होडी तळाशी आणि हाताशी दीड दिवस.

होडी आन्याने जीपला दोर बांधून ओढून काढली आणि भोकात लाकडाची खुंटी ठोकून बसवली; बूच मागायला माझ्याकडे कोणी आलं नाही. वेंडेलनी एका शेतकरी मित्राला फोन करून, तळ्याला लागून असलेल्या त्याच्या शेतातल्या मक्याच्या कडेच्या सहा ओळी मागून घेतल्या. मका उभा वाळला होता. नरेंद्रने गाडीतून विळा काढला. साकोलीच्या बाजारातला हा विळा त्याने विमानात सामानात घालून आणला होता, आणि कस्टमच्या माणसाने तो हातात घेऊन "हे काय?" असं विचारल्यावर "सवय," असं उत्तर दिलं होतं. तो कापत सुटला.

पण मक्याला एक अडचण होती. धांड्यावर कणीस राहिलं, किंवा कणसातला एक दाणा जरी तळ्यात पडला, तरी ते बदकांना लावलेलं आमिष ठरतं. तो गुन्हा, आणि जागा तर जातेच. म्हणजे प्रत्येक धांडा चाचपून कणीस मोडायचं, पानांच्या बेचक्यांत अडकलेले दाणे काढायचे. हे काम वेंडेलनी मागून घेतलं. "याला डोळे लागत नाहीत," ते म्हणाले, आणि मग माझ्या कानाशेजारी बघत, "तूही ये. तुला होडीपासून लांब ठेवायला हवं."

दुपारभर आम्ही दोघे शेताच्या बांधावर बसून धांडे सोलत होतो. त्यांची बोटं जाड, सांध्यांना फुगलेली, पण धांड्यावरून बुडापासून शेंड्यापर्यंत अशी जात होती की मला माझ्या दोन धडधाकट डोळ्यांची लाज वाटली. मी स्वच्छ म्हणून बाजूला ठेवलेल्या धांड्यांतून त्यांनी सात दाणे काढून माझ्या तळहातावर ठेवले.

"तू त्याला टेक्ससला जायला सांगितलंस," ते मध्येच म्हणाले.

माझा हात थांबला. "नरेंद्र बोलला तुम्हाला?"

"बापू? तो कशाला बोलेल! तूच बोललास. चर्चच्या जिन्यात. मी वर उभा होतो."

"पण आम्ही मराठीत..."

"तुमची भाषा मला येत नाही," वेंडेल म्हणाले. "प्लेनो कळतं."

मी एक धांडा उचलून उगाच चाचपू लागलो. ते पुढचा घेऊन बोलत राहिले, माझ्याशी नव्हे, धांड्याशी बोलावं तसे. जोआन असताना सोडतीचा फॉर्म तीच भरायची. यंदा त्यांनी स्वतः भरला, भिंग घेऊन, आठवडाभर रोज थोडा थोडा. जागेचे दोन सहीदार लागतात. आन्या जर्सी सिटीत नोकरीला, आणि राज्याबाहेरच्याला नाव लावता येत नाही. म्हणून स्वतःचं आणि बापूचं नाव लावलं.

"चार वर्षांचं आहे ते," ते म्हणाले. "नाव लागलं की तो जागा सोडून जाणार नाही. त्याचा स्वभावच नाही तो. आणि मला चार पुष्कळ होतील."

मी तो धांडा बाजूला ठेवला. त्यांनी उचलून तपासला. दाणा नव्हता.

"शिकतोयस," ते म्हणाले.

रविवारी सकाळपासून नरेंद्र विणत होता. मक्याचा तट्टा गवताच्या तट्ट्याइतका चिवट होत नाही, म्हणून तो प्रत्येक जोडाला दुहेरी गाठ मारत होता. आन्या तयार तट्टे होडीतून नेऊन खांबांवर बसवत होती. मला गाठी मारायचं काम मिळालं, पण माझी प्रत्येक गाठ नरेंद्र न बोलता सोडून पुन्हा मारत होता. तेव्हा मी दोर कापायच्या कामावर आलो, तिथून दोर धरायच्या, आणि शेवटी सँडविचं करायच्या. दीडच्या सुमाराला नरेंद्रने मान वर करून तळ्याकडे बघितलं. "बाजूची भिंत अजून उघडी आहे," एवढंच म्हणाला, आणि त्यानंतर त्याने सँडविचही घेतलं नाही. त्याला घाईत मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. बोटांच्या पेरांवर मक्याच्या पात्यांनी चिरा पडल्या होत्या.

सव्वातीनला शेवटचा तट्टा बसला. काठावरून बघताना तिथे खोपी आहे हे मला माहीत असूनही दिसेना.

साडेतीनला तपासनीस बाई आली. तिशीतली, हिरव्या गणवेशातली, हातात फॉर्मची फळी. आन्याने तिला होडीतून नेलं. तिने खांब हलवून पाहिले, मागचा क्रमांक पाहिला. मग एक तट्टा दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवला, आणि खाली पाण्यावर वाकून दाणे पडतायत का ते बघत राहिली. वेंडेल काठावर खुर्चीत ताठ बसले होते. काही दिसत नव्हतं, तरी हलवल्याचा आवाज त्यांना येत होता. काही पडलं नाही.

परत आल्यावर ती म्हणाली, "इतकं घट्ट काम मी या तळ्यावर पाहिलं नाही. आता फक्त सह्या. मिस्टर हॅगन?"

वेंडेलनी ओळखपत्र दाखवून सही केली.

"आणि दुसरे सहीदार, मिस्टर... जा-वाय बा-पू?"

आन्या फस्सकन हसली, आणि मग एकदम थांबली.

"मी," नरेंद्र म्हणाला आणि त्याने आपलं लायसन्स पुढे केलं.

बाईने लायसन्स वाचलं, मग फॉर्म वाचला. "हे नरेंद्र मेश्राम आहेत."

"हो."

"मग बापू कुठे आहेत?"

"मीच."

"सर, माझ्याकडे हे नाव आहे आणि तुमच्याकडे ते. या नावाचं ओळखपत्र नसेल तर मला सही घेता येणार नाही." तिने घड्याळ पाहिलं. चारला बावीस मिनिटं होती. "सॉरी. यादीत पुढे अकरा लोक आहेत."

वेंडेलचा चेहरा उतरला. "तेच नाव आहे त्याचं," ते म्हणाले. "त्याच्या आईने सांगितलंय."

इथे मी पुढे झालो. माझ्या खात्यावर एक होडी होतीच, त्यामुळे काहीतरी करणं भाग होतं. मी तिला मराठी कुटुंबव्यवस्थेबद्दल सांगू लागलो: जावई कोणाला म्हणतात, बापू का लावतात, अधिक महिना, अनारसे... अनारशांपाशी तिने हात वर केला.

"म्हणजे हे नाव नाही. सन-इन-लॉ म्हणतात तसं आहे."

"तसंच."

पंचवीस वर्षांनी वेंडेलना हे आज कळत होतं. त्यांनी मान वळवली आणि नरेंद्रच्या कानाशेजारी बघितलं. "तू मला कधी सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाही, पॉप," नरेंद्र म्हणाला.

"ठीक आहे," बाई म्हणाली. ती वाईट नव्हती, तिला मार्गच काढायचा होता. "नातं आहे, तर मग सोपं आहे. तुमची मुलगी येऊन सांगू शकेल? जवळ राहते?"

"जवळच," वेंडेल म्हणाले. "चर्चच्या मागे. पण ती येणार नाही."

बाईला कळायला क्षणभर लागला. मग तिने पेन खाली केलं. "आय ॲम सो सॉरी, सर." राखीव पाण्यात माझ्या पेंढ्यांजवळ बदकं बडबडत होती. शेवटी तिने फॉर्मकडे बघत, शक्य तितक्या मऊपणे म्हटलं, "म्हणजे हे तुमचे सन-इन-लॉ... वॉज."

"वॉज नाही," वेंडेल म्हणाले. "इज."

ती आपल्या गाडीत जाऊन ऑफिसला फोन करू लागली. अकरा मिनिटं. मी मोजली, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. नरेंद्र सासऱ्यांच्या खुर्चीमागे उभा होता आणि खुर्चीच्या पाठीवर त्याचे चिरा पडलेले दोन्ही हात होते.

ती परत आली. नावात दुरुस्ती चालेल, पण पहिल्या सहीदाराने ती स्वतःच्या हाताने केली पाहिजे: खरं नाव, त्याच्यापुढे नातं.

भिंग घरी राहिलं होतं. वेंडेल म्हणाले, "बापू, तू लिही."

"तुमचंच अक्षर पाहिजे म्हणते ना ती."

नरेंद्र गुडघ्यावर बसला. त्याने फळी सासऱ्यांच्या मांडीवर ठेवली, त्यांचं डाव्या हाताचं बोट धरून रेघेच्या सुरुवातीला टेकवलं, उजव्या हातात पेन दिलं. आन्या एकेक अक्षर सांगू लागली. एन. ए. आर. वेंडेल ते मोठ्याने म्हणत, एकेक अक्षर इंचभर उंचीचं काढत होते. पंचवीस वर्षं ज्याच्या हातचं खाल्लं, त्याचं नाव ते चौऱ्याऐंशीव्या वर्षी शिकत होते. आडनाव संपता संपता रेघ संपली. "मेश्राम," ते स्वतःशी एकदा म्हणून बघितल्यासारखं म्हणाले. "बरं आहे. पण बापू सोपं आहे."

मग नरेंद्रने त्यांचं बोट नात्याच्या चौकोनावर आणलं. चौकोन लहान होता आणि अक्षरं मोठी. S, O, N. पेन चौकोनाच्या कडेला जाऊन थांबलं. पुढे लिहायला जागा नव्हती.

बाईने फळी घेतली. बराच वेळ त्या चौकोनाकडे बघितलं.

"चालेल," ती म्हणाली, आणि नरेंद्रला सहीसाठी पेन दिलं. चारला चार मिनिटं होती.

ती गेल्यावर वेंडेलनी खोपी बघायची आहे असं सांगितलं. आन्याने त्यांना होडीत बसवून नेलं. काठावरून आम्ही बघत होतो. ते तट्ट्यावरून हात फिरवत खोपीभर एक फेरी मारून आले, बुडापासून शेंड्यापर्यंत, तसेच. मग आत बसले. थोड्या वेळाने आतून शिट्टीचा आवाज आला, आणि राखीव पाण्यातून एका बदकाने उत्तर दिलं.

नरेंद्र काठावर विळा पुसत होता. मला बोलायचं बरंच होतं: होडीबद्दल, पेंढ्यांबद्दल, चर्चच्या जिन्याबद्दल. तीन वर्षांपूर्वी विचारलेलं परत घेता येतं का, हेही विचारायचं होतं. पण माझं नेहमी होतं तसंच झालं आणि भलतंच तोंडून गेलं.

"नरेंद्र, तेव्हा मी तुला विचारलं होतं, इथे तू कोणाचा कोण म्हणून. तू काही बोलला नव्हतास."

त्याने हात पुढे केला. मी खिशाची गुंडी काढून बूच त्याच्या हातावर ठेवलं. त्याने ते आपल्या खिशात टाकलं आणि तळ्याकडे बघत म्हणाला,

"फॉर्मवर लिहून आहे ना बे."